द्वारकाबाईंची घरगाडी

द्वारकाबाई कोणतीही वस्तू उचलून बघितल्याशिवाय घेत नसत. भोरच्या मंगळवारच्या बाजारात त्या दिसल्या की कुंभार आणि बुरूड सावरून बसायचे. मडकं घ्यायचं तर आधी उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, मग कमरेवर घेऊन चार पावलं चालून बघायचं, अशी त्यांची रीत. एकदा एक कुंभार वैतागून म्हणाला, "बाई, मडकं हाय त्ये, नवरी न्हाई." बाई मडकं कमरेवरून न उतरवता म्हणाल्या, "नवरी आपल्या पायांनी चालते. ह्याला मला न्यायचंय." कुंभाराने हसून आतून दुसरं, हलकं मडकं काढून दिलं.

मी तेव्हा भोरच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. संस्थान विलीन व्हायला अजून दहा-बारा वर्षं होती. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून औषधाचे डोस दाखवायचे, मलमं घोटायची आणि दिवेलागणीला घरी जाऊन गरम भात खायचा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. द्वारकाबाई दवाखान्यात नर्स म्हणून आल्या आणि त्या महत्त्वाकांक्षेची वाट लागली. त्यांना बाळंतपणाचं बोलावणं आलं की बरोबर औषधांची पेटी जायची, आणि पेटीबरोबर मी.

बाई शिंप्याच्या घरातल्या. लहानपणीच विधवा झाल्या, पुण्यात जाऊन नर्सिंग शिकल्या आणि पुन्हा भोरला आल्या. अंगाने किरकोळ, चालणं मात्र असं की मला मागून पळावं लागे. पायात पुरुषी वहाणा. बोलणं सगळं वडिलांच्या दुकानातलं. कुणी घाई केली की "आधी माप, मग कातर." काम बिघडलं की "उसवलं ना? फाटलं तर नाही? मग शिवू." आमच्या डॉक्टरसाहेबांनी त्यांना एकदा विचारलं होतं, "बाई, तुम्हाला कशाची भीती वाटते का हो?" बाईंनी खरोखर विचार केला आणि म्हणाल्या, "गाठ न मारता सोडलेल्या दोऱ्याची."

आता त्या काळची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. ज्या घरात मूल जन्मतं त्या घराला दहा दिवस सोयर. देवाला शिवायचं नाही, बाहेरच्याने त्या घरचं खायचं नाही. बाई आज या घरी तर उद्या त्या घरी बाळंतपणं करायच्या, आणि बोलावणं आलं की मराठ्यांच्या आळीत जायच्या तशा महारवाड्यातही जायच्या. म्हणजे लोकांच्या हिशोबी त्यांचं सोयर कधी फिटतच नव्हतं. बाळंतपणासाठी त्यांना सगळे हात जोडून बोलावत, पण रात्रीचं अंग टाकायला ओसरी कुणी देत नसे. भोरच्या आसपास, उत्रोलीपर्यंत, याने फारसं अडायचं नाही. काम झालं की टांग्याने परत. वेल्ह्याच्या बाजूला मात्र अडायचं.

ते कसं अडतं, हे आम्ही पासलीला पाहिलं. पासली डोंगरातलं गाव, भाताच्या खाचरांमध्ये वसलेलं. तिथल्या भागूबाईंची थोरली सून तानी अडली होती. दवाखान्याला संस्थानाकडून एक जुनी उघडी मोटार मिळालेली होती, तिने आम्ही वेल्ह्यापर्यंत गेलो; पुढे तेव्हा मोटारीची वाट नव्हती, म्हणून पायी, आणि वाटेत खालच्या महारवाड्यात बाईंनी एक बाळंतीण बघितली. दुपारी मुलगी झाली, तानी बोलत होती, सगळं ठीक वाटत होतं. पण बाईंच्या मनात काहीतरी खुटखुटत होतं. "मी आज इथंच राहते," त्या म्हणाल्या.

भागूबाई दारातच हात जोडून उभ्या राहिल्या. "बाई, तुमचे लई उपकार हायेत. पर हितं ऱ्हाऊ नका. सकाळच्याला तुमी खालच्या महारवाड्यात व्हता, ह्ये समद्यांनी बघितलंय. भावकी आमच्या हातचं पानी तोडंल."

भागूबाईंच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, भीती होती. बाईंनी पुन्हा विनवलं, अंगणात बसते म्हणाल्या, गोठ्यात बसते म्हणाल्या. काही उपयोग झाला नाही. आम्ही उतरून वेल्ह्याला आलो आणि बाई मोटारीतच पाय मुडपून पडल्या. सकाळी माणूस पळत आला. रक्त थांबत नव्हतं. बाई तो चढ ज्या वेगाने चढल्या तो मी पुन्हा कधी पाहिला नाही, तरी आम्ही पोचलो तेव्हा तानी गेलेली होती. भागूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मांडीवर ती मुलगी होती.

परतीच्या वाटेवर नसरापूर आलं. बाई म्हणाल्या, "कंपाउंडर, मला घर पाहिजे."

"भोरात आहे की."

"माझ्याबरोबर येणारं पाहिजे. कुणाच्या ओसरीवर टेकायला लागू नये, असं."

मला वाटलं, दुःखात माणूस बोलतं तसं बोलल्या. पण बाईंनी दोऱ्याला गाठ मारली होती. आधी त्यांनी राहुटी आणवली. वेल्ह्याच्या माळावर ती उभी केली आणि तोरण्यावरून सुटलेल्या वाऱ्याने ती पहिल्याच दिवशी उचलली. तिची एक दोरी माझ्या हातात होती, त्यामुळे थोडं अंतर मीही तिच्याबरोबर गेलो. मग छपराची बैलगाडी करून पाहिली. ती पोचेपर्यंत मूल रांगायला लागेल, असं मीच म्हणालो, आणि बाईंना ते पटलं.

शेवटी डॉक्टरसाहेबांच्या कानावर आलं की पुण्याच्या कॅम्पात एका इंजिनियर साहेबाच्या सामानाचा लिलाव आहे. साहेब कायमचा विलायतेला निघाला होता आणि त्याच्या सामानात मोटारीच्या मागे जोडून न्यायच्या दोन घरगाड्या होत्या. डॉक्टरसाहेबांनी दरबारातून मंजुरी मिळवली, पण एक अट पडली: येत्या हंगामात घरगाडी डोंगरातल्या गावांपर्यंत जाऊन उपयोगी पडली तर ठेवायची, नाहीतर पुढच्या लिलावात काढायची. आम्ही चौघे पुण्याला गेलो: डॉक्टरसाहेब, बाई, मी आणि इमामभाई. इमामभाई दवाखान्याची मोटार चालवायचे. भोरातच जन्मलेले, शांत माणूस. मोटारीशी ते जितकं बोलत तितकं माणसांशी बोलत नसत.

पहिली घरगाडी बघूनच माझा जीव तिच्यात अडकला. सागवानी, चार चाकांची. आत पलंग, आरसा, चुलीची वेगळी जागा, खिडक्यांना पडदे. हिच्यात निजलं तर पासलीलाही भोर वाटेल. दुसरी तिच्या शेजारी ओशाळून उभी होती. दोनच चाकं, रबराची. पातळ फळ्यांचा सांगाडा, वरून रंग दिलेलं कॅनव्हास. आत दोन अरुंद बाकं आणि एक फडताळ. डॉक्टरसाहेब आत शिरले तर त्यांची पगडी छताला लागली.

"हे तर कोंबड्यांचं खुराडं आहे," ते बाहेर येत म्हणाले. "संस्थानला शोभायला नको का? मोठीच घेऊ."

बाईंनी पदर खोचला. मोठीच्या पुढच्या दांडीला हात घातला आणि जोर केला. काही हललं नाही. मग मला आणि इमामभाईंना बोलावलं. तिघांनी मिळून ओढली तेव्हा ती कुरकुरत वीतभर सरकली. मग बाई लहानीकडे गेल्या. दांडी एकट्याने उचलली, ओढत आवाराला एक फेरी घातली आणि पुन्हा जागेवर आणून ठेवली. लिलावाला आलेले दोन गोरे साहेब तोंडातला पाइप काढून बघत राहिले.

"साहेब," बाई धापा टाकत म्हणाल्या, "कापड बघून नाही बेतत, अंग बघून बेततात. आपलं अंग म्हणजे पासलीचा चढ. मोटार तिथं दमणार. मोटार दमली की हिला माणसांनी ओढायचंय."

"आणि तुम्हाला आत नीट निजता तरी येईल का?"

"मी मावते. तेवढं बघितलंय."

डॉक्टरसाहेब मनमोकळे होते. हसले, पगडी नीट केली आणि म्हणाले, "घ्या खुराडं." इमामभाई तोवर लहानीच्या खाली आडवे झाले होते. ते उठून अंग झटकत म्हणाले, "आस शाबूत हाय. चाकं बी गोल हायेत." आरशाकडे एकदा बघून मी मोठीचा निरोप घेतला.

भोरच्या लोहाराने मोटारीच्या मागे आकडा बसवून दिला. घरगाडीची दांडी त्यात अडकवायची आणि वरून खीळ मारायची. लोहार म्हणाला, एवढं पुरे. बाई म्हणाल्या, साखळीही पाहिजे. "एका टाक्यावर कुणी कपडा सोडतं का? खीळ उडाली तर साखळी धरेल." इमामभाईंनी मान हलवली आणि साखळी बसली.

पुढे घेऊन जाणं सोपं होतं. मागे घेताना मात्र पंचाईत. इमामभाई चाक उजवीकडे फिरवायचे आणि घरगाडी डावीकडे जायची. उत्रोलीच्या रस्त्यावर आम्ही शिकवणी सुरू केली. पहिल्या दिवशी घरगाडी बांधावरून खाचरात, दुसऱ्या दिवशी एका म्हातारबांच्या वैरणीच्या गंजीत. म्हातारबा काठी घेऊन आले, पण आत नर्सबाई आहेत हे बघून म्हणाले, "बाई, म्हशीला मागं रेटून कदी गोठ्यात घालत्यात व्हय? वळवून तोंडानं न्यावं." बाईंनी त्यावर थोडा विचार केला आणि हुकूम काढला, की वळायला जागा नसेल तिथे मागे घ्यायच्या फंदात पडायचंच नाही, दांडी सोडायची, घरगाडी हाताने फिरवायची आणि पुन्हा जोडायची. त्या दिवसापासून इमामभाईंच्या चेहऱ्यावर रंग आला.

खरा धडा मिळाला तो पालीहून येताना. पाली राजगडाच्या पायथ्याला. तिथे एक अवघड बाळंतपण बाईंनी पार पाडलं, आणि चार दिवस राहून निघताना गाव लोटलं. दिवस भातकापणीचे. त्या बाजूचा माणूस उपकार झाले तर रिकाम्या हाताने पाठवत नाही. नवं भात, घेवड्याच्या शेंगा, कोंबडी, जे असेल ते. आमच्या नकळत कुणीतरी नव्या तांदळाची दोन पोती घरगाडीच्या पाठीमागच्या आडव्या पट्टीला करकचून बांधली. प्रेमाने बांधली होती, त्यामुळे गाठी पक्क्या होत्या.

उतार लागला आणि घरगाडी मागे शेपूट हलवल्यासारखी हलायला लागली. आधी थोडी, मग मोटारीलाच डावी-उजवीकडे ओढायला लागली. मी "ब्रेक! ब्रेक!" ओरडत होतो. इमामभाईंनी ब्रेक दाबला नाही. वेग हळूहळू तुटू दिला, पण रस्ता तेवढा लांब नव्हता. घरगाडी बांधाला लागून कडेवर कलंडली. साखळीने धरली म्हणून खालच्या ओढ्यात गेली नाही. आत औषधांच्या बाटल्यांचा चुरा झाला आणि टिंक्चरचा वास राजगडापर्यंत गेला असेल.

मी डोक्याला हात लावून बांधावर बसलो. बाई मागे गेल्या, पोती पाहिली, मग पुढे येऊन दांडी हाताने उचलून बघितली. ती पिसासारखी वर आली. "बघा," त्या म्हणाल्या, "मागं वजन बसलं म्हणून पुढचं तोंड हलकं झालं. हलक्या तोंडाची गाडी वाटेल तिकडं बघते." मग त्यांनी पोती सोडवली आणि आत चाकांच्या किंचित पुढे ठेवून पाहिली. दांडी पुन्हा उचलली. "आता हाताला लागते, पण उचलते. असं पाहिजे."

"पोती इथंच ठेवून जाऊ," मी म्हणालो.

"दिलेलं टाकून जायचं? मग पुन्हा कुणी बोलावेल का?"

त्यानंतर प्रत्येक गावातून निघताना बाई आधी दांडी उचलून बघायच्या आणि मगच इमामभाईंना हात करायच्या. त्या खोऱ्यात ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. कुणी भाताचं गाठोडं घेऊन आलं की बाकीचे ओरडायचे, "फुडं ठिवा, फुडं! न्हाईतर बाईचं खोपाट डुलतं."

त्याच मार्गशीर्षात भागूबाईंचा निरोप आला. धाकटी सून यसू हिचे दिवस भरत आले होते. तानी गेलेल्या घरातच हे दुसरं बाळंतपण. बाईंनी निरोप्याला एवढंच सांगितलं, "येते. आणि या वेळी राहते." मला त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण दिसत होतं. दरबाराची अट वगैरे त्यांच्या खिजगणतीत नव्हती. यसू जगली पाहिजे, आणि ती जगेपर्यंत आपण तिथून हलता कामा नये, एवढंच त्यांनी धरलं होतं.

आम्ही वेल्हे सोडलं तो सोमवार होता, आणि सोमवार आहे हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. पासलीच्या अलीकडच्या चढाला मोटार लागली आणि अर्ध्यात तिची चाकं खडीवर फिरायला लागली. पुढून वाफ, मागून धूळ. इमामभाई खाली उतरले, मोटारीच्या नाकावर हात ठेवून म्हणाले, "बास बाई. एकली चढंल, हिला घिऊन न्हाई चढायची."

दांडी सोडली, चाकांमागे दगड लावले. बाजूच्या खळ्यावर भात झोडणारी माणसं काम टाकून आली. त्यांत यसूचा नवरा कोंडिबा होता. बाई म्हणाल्या, "कोंडिबा, बैलजोडी आण. एवढा चढ काढून द्या."

कोंडिबा मान खाली घालून उभा राहिला. "बाई, आज सोमवार. सोमवारी आमी बैलाच्या मानंवर जू ठिवत न्हाई. कदीच न्हाई ठिवत."

"मग तुम्ही ओढा."

कुणी हललं नाही. एक पोक्त गृहस्थ खाकरून म्हणाले, "ती बाळंतिणीची खोली म्हंत्यात. तिला गड्यानं हात लावू नये."

एवढ्यात वरून भागूबाई धावत उतरल्या. श्वास पुरत नव्हता. "बाई, चला. सकाळपास्नं कळा सुरू झाल्यात यसूला."

"पाणमोट फुटली का?"

"न्हाई अजून."

"कळा कितीशा वेळाने?"

"चूल पेटवून पानी उकळंस्तवर एक येती."

"मग थोडा वेळ आहे," बाई म्हणाल्या आणि घरगाडीकडे वळल्या.

माझा संयम सुटला. "बाई, बॅग घ्या आणि पुढं व्हा. गाडी उद्या येईल. मंगळवारी बैल मिळतीलच."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, आवाज मात्र पक्का. "त्या वेळीही मी बॅग घेऊनच गेले होते, कंपाउंडर. पोचलेही होते. राहिले नव्हते. आज गाडी वर गेली नाही तर संध्याकाळी मला पुन्हा उतरायला लागेल. मी उतरणार नाही."

त्यांनी वहाणा काढून आत टाकल्या, दांडीला दोर बांधला, तो खांद्यावरून घेतला आणि ओढायला लागल्या. मी आणि इमामभाई मागून रेटत होतो. सपाटीवर त्या घरगाडी एकट्याने ओढायच्या, पण चढ तो चढच. हातभर वर जायची, दगड लावायचा, दम घ्यायचा. बायामाणसं खळ्याच्या कडेला उभी राहून बघत होती. बाप्ये जमिनीकडे बघत होते.

भागूबाई हे सगळं बघत होत्या. त्यांनी एकदा बाईंच्या पायांकडे पाहिलं, एकदा वर घराकडे. मग पदर कमरेला घट्ट खोवला आणि दोराला हात घातला.

"आय, सोमवार हाय," कोंडिबा हळूच म्हणाला.

"सोमवार बैलाला आसतो रं!" भागूबाई कडाडल्या. "बाईमानसाला कुठला आलाय सोमवार? माज्या दळनाला सुट्टी आसती का सोमवारची?" आणि खळ्याकडे वळून हाक दिली, "आगं ए, बघताय काय? या की! पोरीसाठनं वढायचं हाय."

बाया आल्या. पहिल्यांदा दोघी, मग सगळ्या. कुणाच्या केसांत भाताचं भूस, कुणाच्या हातात अजून पेंढी. त्यांनी दोर धरला तशी घरगाडी हलली आणि मग थांबलीच नाही. मोठी सागवानी घेतली असती तर ती त्या चढाखाली अजून उभी असती, हे मी आरशाची आठवण काढून कबूल करतो. बाप्यांची मात्र अडचण झाली. गाडीला हात लावायचा नाही आणि नुसतं बघतही बसवत नव्हतं. शेवटी ते पुढे धावून वाटेतले दगड उचलायला लागले. दगडाला हात लावायला कुणाची ना नव्हती. वर पोचलो तेव्हा बाईंच्या खांद्यावर दोराचा वळ उठला होता आणि भागूबाई रडत हसत होत्या.

घरगाडी गावाच्या कडेच्या पडीक खाचरात उभी केली. कुणाचा उंबरा नाही, कुणाची ओसरी नाही. तिथून भागूबाईंच्या दाराची हाक ऐकू यायची. बाई हात धुऊन आत गेल्या. दिवस कलायच्या आत मुलगा झाला. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला, बाईंनी टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरगाडीजवळ तीन दगडांवर चहा ठेवला होता. भागूबाईंची हाक आली, तीही अर्धीच. बाई बाकावरून उठल्या त्या थेट पळाल्या. रक्त सुरू झालं होतं, जसं तानीला झालं होतं. मी उंबऱ्याबाहेर उकळतं पाणी आणि पेटी देत उभा. आतून फक्त बाईंचा आवाज यायचा, "यसू, डोळे उघड. माझ्याकडे बघ. भागूबाई, तिचे पाय वर धरा. सोडू नका." त्यांनी इंजेक्शन दिलं आणि पोटावर हात दाबून कितीतरी वेळ तशाच ओणव्या राहिल्या. माझा चहा उतू जाऊन विस्तव विझला. उन्हं अंगणात आली तेव्हा बाई बाहेर आल्या, पायरीवर बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "धरलं." यसू वाचली.

बाई बारशापर्यंत तिथेच राहिल्या. निघायच्या दिवशी भागूबाई घरगाडीपाशी आल्या. "बाई, फुडल्या येळंला ह्या खोपटात नका ऱ्हाऊ. माज्या घरात या. भावकीचं म्या बघून घिईन."

बाईंनी त्यांचा हात धरला. "तुम्ही म्हणालात, मला पोचलं. पण मी गाडीतच राहीन. उद्या मी खालच्या महारवाड्यातून उठून तुमच्या घरी आले, तर तुम्ही भावकीशी भांडाल. परवा तुमच्या घरातून उठून तिकडं गेले, तर त्यांना वाटेल, बाई आता वरच्यांची झाली. मला कुणाचीच नको व्हायला."

भागूबाईंना ते लागलं. "म्हंजी आमाला परकंच धरनार तुमी."

"परकं धरलं असतं तर दोर तुम्हाला धरू दिला असता का?" बाई म्हणाल्या. पण गेल्या त्या गाडीतच, आणि पुढेही नेहमी गाडीतच राहिल्या. दरबाराने घरगाडी ठेवली. कॅनव्हास विरलं की बाई वडिलांच्या मशीनवर नवं शिवायच्या. पुढची कितीतरी वर्षं त्या खोऱ्यातल्या बाळंतिणींनी रात्री कूस बदलताना खाचरातल्या घरगाडीचा कंदील बघितला असेल. बाईंनी मात्र शेवटपर्यंत कुणाच्या घरात अंथरूण घातलं नाही.

संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्याच वर्षी द्वारकाबाई गेल्या. न्युमोनिया झाला आणि चार दिवसांत आटोपलं. पुण्याहून एक पुतण्या आला, अग्नी दिला आणि नोकरीची अडचण सांगून परत गेला. खांदा देताना पुढे मी होतो आणि माझ्या शेजारी इमामभाई. घरी येऊन मला सुचेना, आता कुणाला कळवायचं. सांत्वनाला जावं असं बाईंचं घरच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी उठलो आणि पासलीची वाट धरली.

भागूबाईंच्या घरी काही सण होता. चुलीवर पुरण शिजत होतं, यसू पाट्याशी होती, देवापुढे ताजी फुलं होती. भागूबाई आता वाकल्या होत्या, नजरही कमी झाली होती. मला आवाजावरून ओळखून म्हणाल्या, "कंपाउंडर, बाई मागनं येत्यात व्हय?" मी सांगितलं. त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "यसू, पुरन खाली उतरव. देवापाशी जाऊ नगंस. आपल्याला सुतक हाय."

सुतक धरायचं ते भावकीतलं माणूस गेलं तर. कोंडिबा गोंधळला. "आय, बाई आपल्या भावकीतल्या कुठं व्हत्या?"

"न्हाई कशी?" भागूबाई म्हणाल्या. "तुजं लेकरू कुनाच्या हातात आलं? जा, आंदी डोक्यावरनं पानी घे. आन् भाऊबंदांस्नी बी सांगून ये."

तो उठला, आंघोळ केली आणि ओल्या अंगानेच शेजारच्या घरात गेला, तिथून पुढच्या. कुणी वाद घातल्याचं मला ऐकू आलं नाही. दिवेलागणीला मी निघालो, तेव्हा भागूबाईंच्या भावकीतल्या एकाही घरात देवापुढे दिवा लागलेला नव्हता.